एकशे पंच्याऐंशी

सुहास पोवार म्हणाला, भाभी, चार दिवस म्हणजे काय,
शिक्का पुसटच आहे, आठाचा शून्य करायला कितीसा वेळ,
पैसे सुटले की दहा टक्के माझे, बाकी अल्लाची मेहेरबानी.
मेहेरबानी त्याने खास माझ्यासाठी काढली होती.
टेबलावर एक वही, बारा-पंधरा जणांचे पासवर्ड,
वही उघडीच.
मी अर्धा चहा ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी दाभोळहून फेरीबोट, पलीकडे धोपावे,
मग चिपळूणची एसटी.
मांडीवर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची गुंडाळी,
साडीच्या प्लास्टिकमध्ये.

रेडीज बाईंचं ऑफिस जिन्याखाली.
भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ, माझ्या खांद्याएवढी.
रेघेच्या वर सगळ्या फायली,
रेघेखाली फक्त खुर्च्या.
मी तिथेच ठरवलं.

जहाजवाल्यांचं मी दोनदाच केलंय, त्या म्हणाल्या,
नियम पुन्हा वाचते, मग सांगते.
अडीच हजार घेईन, पावती देईन.
माहीत नाही असं म्हणायचे पैसे घेणारं माणूस
मी पहिल्यांदा पाहिलं.

मग मोजणी.
त्यांच्याकडे मुबीनच्या पासपोर्टाचे, सीडीसीचे फोटो,
माझ्याकडे कॅलेंडर.
गॅस आला तिथे ग, दूध नाही तिथे फुली,
मुबीन घरी त्या तारखेभोवती पेन्सिलचा गोल.
एकशे एक्याऐंशीपर्यंत देश म्हणतो, हा परदेशी.
आमचे गोल भरले एकशे पंच्याऐंशी.

अठ्ठावीस सप्टेंबरला विमान उतरलं रात्री साडेअकराला,
मी म्हटलं, अर्धा तासच की. तोही धरायचा?
धरायचा.
घरी तर दुसऱ्या दिवशी आला.
बाई काही बोलल्या नाहीत. त्यांचीही पेन्सिलच होती.

दीड लाख, वर आठशे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लागला. मागे इंजिनची घरघर.
रेडीज बाईंनी स्पीकरवर विचारलं,
कंपनीने फुजैराला सोडलं, तिथून शारजाला
मावसभावाकडे चार दिवस थांबला असतात तर
यातलं काहीच लागलं नसतं. कुणी सांगितलं नाही?

घरघर.
माहीत होतं, मुबीन म्हणाला.
मग म्हणाला, भरून टाका.

परतीच्या बोटीत मी भागाकार केला,
एसटीच्या तिकिटामागे.
दिवसाला सदतीस हजार सातशे.

पहिला दिवस विमानतळावर, बॅगेची वाट बघण्यात गेला.
दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि झोपला,
पंखा चार वर, तोंड भिंतीकडे.
तिसऱ्या दिवशी विहिरीची मोटर उघडली,
वॉशर उरले दोन, अजून डब्यात आहेत.
चौथ्या दिवशी भांडलो. हॉलला पिस्ता रंग का दिला म्हणून.
सदतीस हजार सातशेचं भांडण,
आणि मी त्यात पाऊण तास गप्प बसून वाया घालवला.
संध्याकाळी तो जेटीवर जाऊन बसला,
फेरीबोट किती वेळा गेली-आली ते मोजत.
सहा, घरी येऊन म्हणाला. मी ताट वाढलं.

त्याचं सिम माझ्याकडे असतं.
तो समुद्रावर, त्याचा नंबर माझ्या पर्समध्ये वाजतो,
बँक, कंपनी, कुणी कुणी त्याला हाक मारतं, मी ओ देते.
पैसे भरले त्या दिवशी तसंच वाजलं, सहा आकडे आले.
रेडीज बाई फोनवर थांबलेल्या.
मी एकेक आकडा सावकाश वाचला,
त्या म्हणाल्या, झालं.

पावती आली पोस्टाने. कॅलेंडरच्या गुंडाळीत ठेवली.
यंदाच्या कॅलेंडरवर तो गेल्यापासून एकही गोल नाही.
बाईंनी सांगून ठेवलंय,
पुढच्या वेळी आधी विचारा, यायच्या आधी.
हो म्हटलंय मी.