सूचनापेटीची किल्ली

तीन वर्षं ती माझ्याच जुडग्यात होती,
बॉयलरच्या खोलीची आणि खडूच्या कपाटाची, यांच्या मधे.
कुणी मागितली नाही.
पेटीवर लिहिलेलं : तुमचं मत मोलाचं आहे.
वर वेल्शमध्ये, खाली इंग्रजीत.
धूळ दोन्हींवर सारखीच.

हेलेध म्हणाली, "मिस्टर प्रॉसर, उघडा ना."
दहावीतली पोर, विद्यार्थी मंडळाची सचिव.
मंडळ म्हणजे महिन्यातून एकदा बिस्किटं
आणि दोनच विषय :
संडासातला साबण, चिप्सचा भाव.

आत निघाले च्युइंगगमचे कागद,
एक वाळलेली गांधीलमाशी,
भूगोलाच्या सरांचं चित्र (नाक फार सुरेख जमलेलं),
आणि चार घड्यांची चिठ्ठी :
"घंटा झाली की माझ्या दातांत कळ जाते.
दिवसातून अकरा वेळा.
बाकी काही नाही."

ती घंटा मीच ठोकली होती भिंतीत.
अकरा वेळा मीही दचकतो,
पण मला त्याचा पगार मिळतो.

बेनन बाईंनी चिठ्ठी वाचली. म्हणाल्या, नोंद घेतली आहे.
मोठ्यांनी नोंद घेतली की
समजावं, गोष्ट गेली.
तेवढ्यात मॅक्सेन बोलला,
हजेरीला "हो" म्हणण्यापुरतं तोंड उघडणारा मॅक्सेन :
"मग दुसरी करू."

कशाची, हे विचारायची गरज नव्हती.
शाळेच्या मागे डोंगराएवढा ढीग आहे,
पाटीच्या दगडाचा,
आमच्या आजोबा-पणजोबांनी फोडून नको म्हणून टाकलेला.
पोरांना कोरी पाटी म्हणायची सोय या गावात नाही;
इथल्या प्रत्येक पाटीवर सुरुंगाचा ओरखडा असतो.

माझ्या हातगाडीनं सहा खेपा झाल्या.
लांब दगड, आखूड दगड, ओले, करडे, जांभळट.
मधोमध दोरी बांधली तर दगड मुका.
कडेशी बांधली तरी घोगरा.
टोकापासून पावाच्या जरा अलीकडे सरकवली
आणि तो बोलला,
असा स्वच्छ, की स्वयंपाकघरातली न्यिया पळी घेऊन बाहेर आली.
हे पुस्तकात होतं म्हणे, पान एकशे बारा.
पान नंतर उघडलं.
उघडलं मात्र चौघांनी, स्वतःहून, जेवणाच्या सुट्टीत.

एक दगड नेरिसच्या हातून पडून दुभंगला.
ती रडवेली झाली. अर्धा उचलून वाजवला
तर वरच्या सुरात गात होता.

मी लांब उभा होतो.
माझ्या बापाचे दोन्ही कान याच दगडानं नेले.
त्याला हे ऐकवता आलं नसतं.
पायाला जाणवलं असतं कदाचित, जमिनीतून.

आठवडाभराची परवानगी मिळाली.
सोमवारी अर्धी नववी मैदानातच राहिली,
सुट्टी संपली हे कळलंच नाही कुणाला.
मंगळवारी कळलं.
बुधवारी फ्रेंचच्या बाई टोला ऐकत
वाक्य अर्धवट ठेवून हसल्या.

गुरुवारी शेवटच्या तासाला पाळी मॅक्सेनची.
वेळ झाली, हातोडी हातात,
आणि तो मारीना.
एक मिनिट. दोन. चार.
बसवाला हॉर्न वाजवून थकला.
बेनन बाई धावत आल्या, घड्याळ पुढे करून.
तो म्हणाला, "सातवीच्या खिडकीतून दिसतंय,
कुणीतरी उभं राहून बोलतंय.
संपलं नाही अजून."

बाई खिडकीकडे बघत राहिल्या.
मग हळूच म्हणाल्या, "आता बसलंय ते."
तेव्हा त्यानं टोला दिला.

पुढे काय ठरेल, मला विचारू नका.
समिती बसणार आहे, समितीत पोरं दोन, मोठे नऊ.
जुन्या घंटेचा फ्यूज मी काढून ठेवलाय,
खिशात, किल्लीशेजारी; दोन्ही खुळखुळतात.

पेटीला आता कुलूप लावत नाही.
काल आत एक चिठ्ठी होती, नवं अक्षर :
"मला दगडाचा आवाजसुद्धा आवडत नाही."

बरं.
सकाळी हेलेधला देतो.