घोडा

व्हर्लिन स्ट्राउडच्या दुकानात काचेखाली
हिरव्या बनातीवर ओळीनं निजलेल्या रिव्हॉल्व्हर.
बाहेर उणे चौदा. माझ्या बुटांना अजून
हॅगर्टीच्या पागेतला पेंढा.

"पहिलीच?" त्यानं विचारलं,
मी लोकांना घोडीचं वेत विचारते तसं.
पहिलीच, म्हटलं.

त्यानं आधी काढली ती हलकी.
दोन इंची नळी, पाच घरं,
कोटाच्या खिशात आहे हे विसरून जावं इतकीशी.
"जवळ बाळगायला लोक हीच नेतात,
आणि महिन्याभरात परत आणतात.
हलकी लाथ फार मारते."
लाथेचं मला सांगू नकोस, व्हर्लिन.
डाव्या बरगडीत दोन, मांडीवर एक.
मांडीवरची ज्या शिंगरानं मारली
ते पुढे बिलिंग्जला शर्यत जिंकलं.

मग जड. पोलादी, चार इंची, सहा घरं.
हातात घेतली आणि हातच शांत झाला.
कागदावरच्या काळ्या वर्तुळासाठी हिच्यासारखी नाही.
पण ही कमरेला बांधून रात्री दोन वाजता
अडलेल्या घोडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून
चिखलात पालथं पडायचं, म्हणजे

कशासाठी हवीय, त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही:
नोव्हेंबरातला तो ट्रक, एकच दिवा असलेला,
अकरा मैल माझ्या मागे.
मी हळू, तो हळू.
पुलावर थांबले, तोही थांबला
आणि दिवा विझवला.
एवढंच.
शेरिफच्या ऑफिसातली पोरगी म्हणाली,
"पण झालं तर काही नाही ना, डॉक्टर?"

"घोडा मागे ओढून चाप दाबलात,
तर चाप लोण्यासारखा," व्हर्लिन सांगत होता.
"नुसता चाप दाबलात, तर लांबलचक आणि जड.
शिकायचं ते जडच.
घाईत घोडा ओढायला सवड नसते."
त्याचं उजवं मधलं बोट अर्धंच आहे.
मी विचारलं नाही.

नळीवर, माशीच्या मागे, त्यानं एक नाणं ठेवलं.
रिकामी, भिंतीकडे.
नाणं पडलं. पुन्हा पडलं.
याच बोटांनी मी आतल्या अंधारात ओळखते
हा पुढचा पाय की मागचा.
सातव्यांदा नाणं जागेवर राहिलं.

मारणं मला नवीन नाही.
सुईनं मारते, मालकाची सही घेऊन,
मानेवर तळवा ठेवून,
नाव घेऊन.
त्या दिव्यामागच्याचं नाव मला माहीत नाही.

शेवटी त्यानं खालच्या कप्प्यातून काढली तिसरी.
तीन इंची, जुनी, सहा घरं,
लाकडी मूठ एका बाजूनं झिजलेली,
नेमकी माझ्या अंगठ्याखाली.
"कुणाची?"
"इंगेबोर्ग टॉल्फसनची. एक्केचाळीस वर्षं
रँचवर एकटी होती."
"झाडली कधी कुणावर?"
"पीचच्या डब्यांवर. आणि एकदा सापावर."
"मग?"
"साप गेला आपल्या वाटेनं."

हीच दे, म्हटलं.

रविवारी खडीच्या खाणीत, कानांवर टोपणं,
सात यार्डांवर कागदी ताटली.
सहा आवाज.
ताटलीत भोकं दोन,
एक तर काठावरच.
मुठीची थरथर खांद्यापर्यंत चढली
आणि तिथेच बसून राहिली
थंडीतल्या पाखरासारखी.
मी आणखी चव्वेचाळीस झाडल्या. जडच.
रिकामी पितळी टोपणं वेचली, कोमट होती,
खिशात खुळखुळत राहिली.

परतताना अंधारलं.
समोरून गाडी आली. एकच दिवा.
माझे दोन्ही हात चाकावर,
पाय ब्रेकवर,
तोंडातून शब्द नाही.
जवळ आली. हॅगर्टी.
काच खाली करून ओरडला, "शिंगरू उभं राहिलं!"
आणि गेला.

घरी पोचून इंजिन बंद केल्यावर आठवलं,
ती मागच्या सीटवर होती,
पेटीत, कुलपात,
औषधांच्या शेजारी.