दुरुस्ती

आलं हे मूळ नव्हे, खोड आहे,
यावर काल रात्री आम्ही तिघं दीड तास भांडलो.
विचारणारी मुलगी केव्हाच झोपली होती,
तिला गृहपाठात फक्त एक शब्द भरायचा होता.

आमचं हे असंच.
कुर्ल्याची निलोफर खोत, तान्ह्याला मांडीवर घेऊन
एका अंगठ्यानं जनावरांचं सगळं सांगते :
ऑक्टोपसला हृदयं तीन, कावळा चेहरा विसरत नाही.
होशंग गझदरकडे नाणी, आणि बोल्टांचे आटे.
विसपुते म्हणून कुणी आहेत,
ते फक्त "संदर्भ?" एवढंच लिहितात.
मी शिवडीची. बंदराच्या कचेरीत एकतीस वर्षं
समुद्राचं वेळापत्रक तपासलं.
माझ्याकडे पाणी.

पैसे कुणी देत नाही. आभार दहातला एखादा मानतो.
एकमेकांना आम्ही रस्त्यात ओळखणारही नाही.

मार्चमध्ये एकानं विचारलं :
अठ्ठ्याहत्तर साल, कार्तिक वद्य पंचमी, माहुल.
दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी
पाणी चढत होतं की उतरत होतं?

नाव नाही. कशाला हवंय, तेही नाही.
कशाला, हे आम्ही विचारत नाही.
कुणी न लिहिलेला आमचा एकच नियम.

पाच पाऊण पावणेचार, कोळ्याचं पोरही सांगेल.
तरी पलंगाखालची ट्रंक ओढली,
रद्दीत निघालेले तक्ते, साहेबांची सही घेऊन घरी आणलेले.
जानेवारी वाळवीनं खाल्लेला, नोव्हेंबर शाबूत.
पूर्ण भरती तीन पंचावन्न.
लिहिलं : उतरत होतं. पंधरा मिनिटं झाली होती.
तो म्हणाला, उपकार झाले,
सेहेचाळीस वर्षांचं ओझं गेलं.

त्या दिवशी चहात मी साखर जरा जास्तच घातली.

तिसऱ्या दिवशी विसपुते :
"संदर्भ? कुठलं बंदर?"

अपोलो बंदर.
तक्ता अपोलो बंदराचा, आणि माहुल खाडीच्या आत.
खिडकीतून मला तिथल्या चिमण्या दिसतात,
रोज दिसतात, आणि मी तेवढंच विसरले :
पाणी एका उडीत सगळीकडे पोचत नाही,
खाडीत ते वळत, गाळ चाचपत, उशिरा शिरतं.
शिकाऊ पोरांना पहिल्याच आठवड्यात हे शिकवायचे मी.
पुन्हा मांडलं. माहुलची भरती चार सत्तावीस.
चार दहाला पाणी चढत होतं.
अजून सतरा मिनिटं होती.

राहू दे ना मावशी, निलोफर म्हणाली,
उतरलेलं ओझं परत कशाला द्यायचं?
होशंग म्हणाला, खोटं नाणं एकदा चाललं
म्हणून काय खरं होते?
मी रात्रभर कूस बदलत राहिले. गुडघाही दुखत होता.
पहाटे लिहिलं :
दुरुस्ती. चढत होतं. चूक माझी.

दोन महिने काही नाही.
दरम्यान लिंबाच्या बिया, सनईची भोकं,
मुंबईची शेवटची ट्राम, चौसष्ट साल, एकतीस मार्च.

मग मे महिन्यात तो आला.
होडी गाळावर बसली होती, त्यानं लिहिलं.
भाऊ ओरडत होता, थांब, पाणी चढतंय.
मी म्हटलं उतरतंय, आणि वजन कमी करायला
जाळं तोडून टाकलं. नवं जाळं, उधारीचं.
त्यानंतर बोललो नाही.
तुमचं पहिलं उत्तर छापून
मी त्याला पोस्टानं पाठवलं होतं.

खाली एक ओळ सोडून :
हे दुसरं पोस्टानं पाठवता येणार नाही.
माहुलहून उत्तनला कसं जायचं?

चार मिनिटांत तीन उत्तरं.
निलोफर : दादरवरून भाईंदर, तिथून बस.
होशंग : बोरिवलीला उतरून गोराईची बोट, मग रिक्षा, हवा मस्त.
त्याखाली विसपुते : "संदर्भ?"

बोट म्हटल्यावर मी चष्मा शोधला.
या वर्षीचा तक्ता उघडला,
आधी बंदराचं नाव वाचलं,
बोट ठेवून, दोनदा.