सावर

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीत, बर्फाच्या यंत्राच्या घरघरीत
संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग.
लाइट म्हणजे हलकं, पारकर मॅडम सांगतात,
हेवी काकवीसारखं, संथ.
गंधक कमी ते स्वीट, जास्त ते सावर.
पूर्वी म्हणे जिभेवर घेऊन ठरवायचे.
‘शी!’ रुक्साना तोंड वाकडं करते.

मागच्या बाकावर दर्या चोगले
टाच खरवडतोय.
पुळणीवरची डांबराची गोळी,
हलकं होतं ते उन्हात उडालं,
जड तेवढं कातडीला धरून.
खोबरेलाशिवाय सुटायची नाही.

पोरगा त्याचा तेलाच्या जहाजावर.
सोमवारपासून फोन नाही.

‘चोगले, तुम्ही म्हणा.’
सावर, तो म्हणतो.
‘पुन्हा.’
सावर,
हळू,
कुणाला तरी सांगितल्यासारखं.