हद्द कायम

तीन दिवसांपूर्वी याच वेळी
निळ्या टर्फवर पाण्याचे फवारे उडत होते,
मी उजव्या बगलेत, वाकून, वाट बघत.
आज परुळ्याच्या सड्यावर
मोजणीचं यंत्र तिपाईवर चढवते.
नडगीवर चेंडूचा काळानिळा गोल
अजून उतरला नाही.

सतरा प्रकरणं तुंबली माझ्या रजेत.
साहेबांनी फाइल पुढे सरकवली,
"टीव्हीवर दिसलात. हे आधी उरका."

दोन भाऊ, मध्ये एक फणस.
बुंधा थोरल्याकडे, सावली धाकट्याकडे.
पंचवीस वर्षं चाललं. यंदा नाही.
सदू तिरोडकर पट्टी धरून विचारतो,
"बाय, तुमच्या खेळात झगडो कोण मिटयता?"
"पंच."
"गावातलो आसता?"
"नाय."
"म्हणान मिटता."

दुपारी खुणेचा दगड सापडला
वारुळाखाली, वीतभर सरकलेला.
वीतभरानंच तर हरलो आम्ही.
खांबाला लागून परत आलेला तो चेंडू
कुठल्या नकाशात दाखवायचा?

संध्याकाळी सगळे पांगल्यावर
डिकीतून स्टिक काढते.
हा जांभा चेंडूला सरळ जाऊ देत नाही,
लहानपणी म्हणून तर मनगट शिकलं
कुठूनही उडालेलं थोपवायला.
खालच्या वाडीतून आई ओरडायची,
बांगडे निवले गो.

फोन येतो: शिबिर सोमवारपासून.
रजेच्या अर्जात कारण लिहायला
बोटभर जागा.
खाली समुद्राची हद्द
रोज दोनदा सरकते,
कोणी मोजणी मागत नाही.

एक चेंडू करवंदीत गेलाय.
उजेड आहे तोवर
काट्यांत हात घालते.