पातळी

एकतीस पावसाळे मी आयर्विन पुलापाशी
कृष्णेचं पाणी वाचलं.
फूट, इंच, वेळ, सही.

आता मिरजेत, आठवड्यातून तीनदा,
सुई टोचण्याआधी रेहाना मला काट्यावर उभं करते
आणि माझं पाणी वाचते.
"दोन किलो सातशे वाढलंय, चौगुले काका.
काल कुणाकडं जेवण होतं?"
मी हसायचो. पण हसू चेहऱ्यावर पोचायला
वेळ लागायचा.

वैशाखात डांबर पातळ झालेलं, मी स्वेटरात.
कातडी वाळल्या हळकुंडागत.
नातवाचं नाव जिभेवर येईतोवर
तो खेळायला गेलेला.
सगळं किडनीच्या खात्यावर,
भांडं फुटलं की मांजरावर घालतात तसं.
"किडनीचंच हाय हो ते," बायको म्हणायची.
मीही मान्य करायचो. कारण तेच, सही.

मग एका रात्री धोम धरणावरच्या शिवद्यांचा फोन.
वीस वर्षं रात्री-अपरात्री याच माणसाला
मी पातळी सांगितलेली.
"हॅलो."
"चौगुल्यांना द्या जरा."
"मीच चौगुले."
पलीकडं नुसती खरखर.
"नाही हो. तो आवाज पाठ आहे मला."

रेहानाला गंमत म्हणून सांगितलं.
ती हसली नाही.
दोन बोटं गळ्यावर ठेवून म्हणाली, "गिळा."
मी कोरडंच गिळलं.
मग ती डॉक्टरांना बोलवायला गेली, चप्पल न घालता.

कागद आला. टीएसएच अडुसष्ट.
असायला हवं चार-पाच.
आमच्या पुलावर पंचेचाळीसलाच धोका.

गोळी तिळाएवढी. पहाटे, उपाशीपोटी.
कॅल्शियमची जेवताना, चार तास लांब,
दोघींचं एका पोटात पटत नाही.
सूर्य मावळायच्या आत जेवणारी माणसं आम्ही,
वेळेचं नवं नाही.
बायको वाटीत दोन घोट देते
आणि दिवसाच्या पाण्यातून वजा करते,
कॅलेंडरच्या मागं, पेन्सिलीनं.

किडन्या काही परत यायच्या नाहीत.
दोन महिने झाले. स्वेटर आहेच,
वरचं बटण तेवढं उघडं.

आज पहाटे पुलावर गेलो.
नव्या पोराला विचारलं, किती हाय रं?
"आता यंत्र वाचतंय, काका."
कठड्याला धरून मीच आकडे वाचले
आणि शिवद्यांना फोन लावला.
"अकरा फूट चार इंच."

थोडा वेळ खरखर.
"हं," शिवदे म्हणाले, "लिहून घेतो, चौगुले."