पावती

बहात्तराव्या दिवशी गेटसमोर सभा होती.
मार्तंड दाभाडे, वीव्हिंगचा फिटर,
उपड्या पिंपावर उभा,
काखेत लाल फडक्यात बांधलेली वही.
परदेशीपुऱ्याच्या बाया पदर ओढून थंडीत बसलेल्या.
त्यांतल्या तिघींच्या पाटल्या त्या वहीत होत्या,
तोळ्या-माशांसकट लिहिलेल्या.
भोंगा बंद, त्यामुळे किती वाजले
कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

पैसे मी घेतले होते.
अकराशे चाळीस.
कारण होतं. कारण असतंच.
वही त्याच्याकडे, पेटीची किल्ली माझ्याकडे.
"म्हणजे चोराला दोन माणसं फोडावी लागतील,"
तो हसून म्हणायचा.
चोराला एकच पुरला.

आणि हिशेब मागायला
पहिला हात मीच वर केला.

अजून कुणी विचारलं नव्हतं.
मॅनेजरची माणसं कडेकडेने नुसती कुजबुजत होती.
मला वाटलं, जो ओरडतो
त्याच्या खिशाकडे कोण बघतं?
"दाभाडे, वही उघडा!"
आवाज माझाच, पण नाटकात काम केल्यासारखा
जरा वरच्या पट्टीत.

त्याने माझ्याकडे पाहिलं.
आदल्या रात्री त्याच्याच चुलीपाशी जेवलो होतो.
पिठलं अळणी झालं म्हणून
अंबूवहिनींनी माझ्या ताटात मीठ वाढलं होतं,
चिमूटभर, डाव्या बाजूला.
त्याला कळलं.
त्याला कळलं हे मला कळलं.
नुसती हनुवटी माझ्याकडे वळवली असती
तरी त्या बायांनी मला
गेटच्या सळ्यांवर वाळत घातलं असतं.

त्याने फडक्याची गाठ आणखी आवळली.
"कमी आहेत," म्हणाला. "माझ्या हातून गेले."

पुष्कळ वर्षं मी याला मोठेपणा म्हणत आलो.
हल्ली वाटतं, ताठाही होता त्यात.
दाभाडेने निवडलेला माणूस असा निघाला
हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा
स्वतः चोर ठरणं त्याला सोपं गेलं.
माझी अब्रू राखली त्याने, आणि आपली निवड.
संप आठ दिवसांत फुटला.
त्या पाटल्या कुणाच्याच हातात परत गेल्या नाहीत.

पाटनीपुऱ्यात त्याने सायकलींचं दुकान टाकलं.
लोक हवा भरायला यायचे,
पैसे फळीवर ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत.

एका अनंत चतुर्दशीला आमच्या मिलची झांकी
राजवाड्यासमोर अडकली.
मारुती समुद्रावर अर्ध्यात लटकलेला, दिवे लुकलुकताहेत,
मागच्या मिलवाले शिट्ट्या मारताहेत.
गर्दीतून एक म्हातारा वाकून गाडीखाली शिरला.
मी वर उभा होतो, गुलालात, कमिटीचा बिल्ला लावून.
फळ्यांच्या फटीतून दिसले ते फक्त हात.
ओळखले.
मारुती हलला, एकच जल्लोष झाला,
आणि तो दुसऱ्या बाजूने निघून गेला
गुडघे झटकत.

एम.वाय.मध्ये गेला तेव्हा पावसाळा संपत आला होता.
तेराव्याला अंबूवहिनींनी मला बिस्किटांचा डबा दिला.
"तुम्हाला द्या म्हणाले." एवढंच.
आत युनियनच्या पावत्या, रबर लावलेल्या.
दरमहा पाच रुपये. दोनशे वीस महिने.
दाभाडे, दाभाडे, दाभाडे.
कुठे सही लटपटलेली, एकीवर ग्रीसचा अंगठा.

मी त्या रात्री तीनदा बेरीज केली.
चाळीस उरले होते.

युनियनचं ऑफिस आता एका जिन्याखाली आहे.
मिलच्या जागी पत्रे ठोकलेत, आत गवत.
टेबलाशी एक तरुण पोरगा, समोर कागदावर पोहे,
वर शेव जरा जास्तच.
मी चाळीस रुपये ठेवले.
"कशाचे, भिया?"
"जुनी बाकी."
त्याने हात पुसले, पुस्तक ओढलं,
कार्बन उलटा घातला, परत सुलटा केला.
"कुणाच्या नावे फाडू?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.
माझं नाव तीन अक्षरांचं आहे.
तोंडात आलं होतं,
जिभेवर मिठाच्या खड्यासारखं.

"दाभाडे," मी म्हणालो.
"मार्तंड दाभाडे."